शस्त्रक्रियागृहातील हवा आणि किनाऱ्यावरील ओलावा



एका अंगास कर्ली नदी, दुसऱ्या अंगास अरबी समुद्र आणि मधोमध माडांची अरुंद पट्टी, असे हे देवबाग. पावसाळ्यात येथे बरणीतले मीठ ओले होते, पापड मऊ पडतात, चामड्याच्या वहाणांवर बुरशी धरते. हीच हवा शस्त्रक्रियागृहात शिरली तर? निर्जंतुक केलेल्या कापडी गाठोड्याला ओल लागली की ते निर्जंतुक मानता येत नाही.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’ या राष्ट्रीय मंडळाच्या मार्गदर्शनानुसार तेथील तापमान २१ अंश सेल्सिअस, फार तर ३ अंश कमी-अधिक, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असावी. ५५ टक्के उत्तम. तासाला किमान २० वेळा हवा पालटावी व त्यांत ४ वेळा बाहेरची ताजी हवा यावी.

खरी अडचण याच ताज्या हवेत आहे. ३० अंश तापमानाच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. आत मात्र १० ग्रॅमच चालते. वीस फूट लांब, तितक्याच रुंद आणि दहा फूट उंच खोलीसाठी याचा हिशेब मांडला, तर ताज्या हवेतून तासाला सहा लिटरांहून अधिक पाणी काढावे लागते! हवा नुसती २१ अंशांपर्यंत थंड करून हे साधत नाही. उलट ती ओलीचिंब होते. ती १२ अंशांच्याही किंचित खाली नेऊन पाणी गाळावे लागते आणि मग पुन्हा थोडी गरम करावी लागते. घरगुती वातानुकूलन यंत्र हे करीत नाही. ते खोलीतलीच हवा फिरवते, ठरलेले तापमान येताच थांबते आणि ओलावा पुन्हा चढतो. तापमान आणखी उतरवावे, तर भूल दिलेल्या रुग्णाचे शरीर गारठते. ते ३६ अंशांखाली गेल्यास रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

त्यात खारा वारा यंत्राच्या धातूच्या जाळ्या कुरतडतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर मालवण किनाऱ्यावरील वीज कित्येक दिवस विस्कळीत होती, हेही विसरण्यासारखे नाही. यंत्र देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. गाळण्या बदलण्यासाठी, जनित्राच्या डिझेलसाठी देणगी देणारा मात्र क्वचितच भेटतो. दात्यांनी देणगीपत्रातच पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद लिहावी. तिच्यासोबत भिंतीवर लावण्याचे एक साधे आर्द्रतामापक द्यावे आणि प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी त्यावरील आकडा वहीत नोंदवला जाईल, एवढीच अट घालावी.