शिंगाड्याचा गंज आणि तणसाची गंजी



दिवाळी झाली. धानाची कापणी सुरू आहे आणि गावोगावच्या मामा तलावांत, बोड्यांत शिंगाडा तोडायला आला आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे दोन्ही हंगाम हातात हात घालून येतात. ढिवर समाजाच्या घरी तलावावरून शिंगाड्याचे टोपले येतात, आंगणात मोठा गंज चढतो, शिंगाडा काळा होईपर्यंत उकडतो आणि तसाच बाजाराला जातो. त्याच दिवसांत मागे सांदवाडीत तणसाची गंजी उभी राहते आणि बांधीत, खळ्यावर धानाचे पुंजणे रचलेले असतात. चूल आणि तणस वर्षभरात एकमेकांच्या इतक्या जवळ कधी नसतात. म्हणून आज त्या चुलीबद्दल बोलू.

तुम्ही म्हणाल, चूल आम्हाला काय शिकवता? जन्मापासून पेटवतो आहोत. खरं आहे. पण रोजच्या भाजी-भाताची चूल वेगळी आणि उकळीची चूल वेगळी. भाताची चूल तासाभरात विझते. ती घरात असते, जाळ लहान असतो. शिंगाड्याची चूल उघड्यावर असते आणि एकामागून एक गंज उतरतात, म्हणून ती चार-पाच तास धगधगत राहते. तेवढ्या वेळात वारा फिरतो, सरपण बदलतं, आपण थकतो. आपलं लक्ष गंजात असतं आणि ठिणगी पाठीमागे उडते.

जिथे जिथे असा तासन्‌तास जाळ लागतो, तिथे लोकांनी त्याला राहत्या घरापासून वेगळी जागा दिली आहे. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ घ्या. उसाचा रस आटवण्याचं चुलवाण घराच्या आंगणात नसतं, शेतात असतं. दूर कॅनडात मेपल नावाच्या झाडाचा रस काढून त्याचा पाक करतात. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक मिळतो, म्हणजे लाकडं किती जळत असतील बघा. तिथेही त्यासाठी झाडांजवळ वेगळी झोपडी बांधतात आणि वाफ निघून जायला तिच्या छपरात झरोका ठेवतात. आपल्याला झोपडी बांधायला नको, पण जागा मात्र निवडून ठरवायला हवी.

तर पहिली गोष्ट जागेची. तणस, पुंजणे, गवताचं छप्पर, सरपणाचा ढीग, गोठा, गॅसचं सिलिंडर या सगळ्यांपासून चूल निदान तीस फूट लांब असू द्या. चांगली दहा-बारा पावलं मोजा. वर झाडाची वाळकी फांदी नको, विजेची तार नको. चुलीभोवतीचा काडी-कचरा चारही बाजूंनी झाडून घ्या आणि जमिनीवर पाणी शिंपडा. चुलीजवळून थोडी राखड उडवून बघा. ती तणसाकडे जात असेल तर तिथे चूल नको. आंगण लहान असेल तर दोन-तीन घरांनी मिळून मोकळ्या जागेत एकच चूल मांडावी. वाऱ्याला आडोसा म्हणून आपण तट्टा लावतो, पोतं लावतो, जुनं लुगडं बांधतो. हा आडोसाच आधी पेट घेतो. त्याऐवजी विटा रचा नाहीतर टिनाचा पत्रा उभा करा. आणि शक्यतो पहाटे सुरुवात करून वारा वाढण्याआधी काम आटोपा.

दुसरी गोष्ट सरपणाची. लाकूड वाळलेलं आणि जाडसर घ्या. पालापाचोळा, कागद, तणसाची पेंडी चुलीत घातली की जळता तुकडा हलका होऊन वर उडतो आणि कुठे जाऊन पडेल ते सांगता येत नाही. बांबू घालायचाच असेल तर तो फोडून घाला. अख्ख्या बांबूच्या पेरात हवा कोंडलेली असते. ती तापली की पेर फटाक्यासारखं फुटतं आणि इस्तव दूरवर उडतो. घासलेट किंवा पेट्रोल जळत्या चुलीत कधीच ओतू नका.

तिसरी गोष्ट गंजाची. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो वजन, वरून शिंगाडा वेगळा. तीन दगडांवर डुगडुगणारा गंज म्हणजे घरातल्या लेकरांच्या जिवाशी खेळ. बूड पक्कं बसलं आहे का ते पाणी गार असतानाच हलवून बघा. झाकण आपल्यापासून पलीकडे उघडा, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही. उकळतं पाणी ओतून काढण्यासाठी गंज दोघींनी उचलून वाकडा करू नका. शिंगाडा झाऱ्याने किंवा लांब दांड्याच्या जाळीने काढा आणि पाणी गंजातच निवू द्या. पदर कमरेला घट्ट खोचा, वेणी बांधा. नायलॉनची साडी या कामाला नको, ती वितळून अंगाला चिकटते. चालायला लागलेलं लेकरू आंगणात नको. त्याला कोणाकडे तरी सोपवूनच काम सुरू करा.

आता चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. चुलीजवळ एक बाई फक्त इस्तवावर लक्ष ठेवायला हवी. तिने शिंगाडा निवडायचा नाही, मोजायचा नाही, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. तिच्याजवळ पाण्याचे दोन भरलेले गुंड, एक बादली आणि भिजवलेलं पोतं ठेवा. ठिणगी पडली की ती पोत्याने दाबून टाकेल. मला ठाऊक आहे, बचत गटात लगेच कुजबुज होते, ‘‘ती तर नुसती बसून होती, तिला सारखा वाटा कसा?’’ मैत्रिणींनो, ती बसून होती म्हणून बाकीच्या निर्धास्त काम करू शकल्या. तणसाची गंजी म्हणजे जनावरांचा वर्षाचा चारा. पुंजणा म्हणजे घरचं वर्षाचं खाणं आणि सोसायटीच्या कर्जाची फेड. त्याची राखण करणारीला सारखा वाटा द्या, आणि हे काम पाळीपाळीने सगळ्यांनी करा.

पाचवी गोष्ट काम संपल्यावरची. जाळ दिसेनासा झाला म्हणजे आग विझली असं नाही. राखडीखाली इस्तव रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. ती राखड उकिरड्यावर टाकली की उकिरडा आधी आतल्या आत धुमसतो आणि वारा आला की पेट घेतो. म्हणून निखारे मोकळ्या जमिनीवर ओढून घ्या, त्यावर हळूहळू पाणी घाला, काठीने हलवा, पुन्हा पाणी घाला. वर हात धरून ऊब लागेनाशी झाली की मगच घरात जा. रात्रीचा गंज धगीवर सोडून झोपू नका.

एवढं करूनही तणस पेटलंच तर? आधी ओरडा, माणसं बाहेर काढा, जनावरांची दावी सोडा किंवा कापा. १०१ नाहीतर ११२ क्रमांकाला फोन करा. गावाचं नाव, तालुका आणि ओळखीची खूण नीट सांगा. गाडी येईपर्यंत शेजारचं न पेटलेलं तणस बाजूला ओढा. जळत्या ढिगावर चढू नका, तो आतून पोकळ झालेला असतो. जवळ विजेची तार असेल तर पाणी मारण्याआधी लाईनमनकडून वीज बंद करून घ्या.

कोणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर तिला पळू देऊ नका. जमिनीवर लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढून घ्या. अंगाला चिकटलेला कपडा ओढू नका. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ काही लावू नका. स्वच्छ सुती कपडा सैल झाका आणि १०८ ला फोन करा. लेकरू भाजलं असेल, किंवा चेहरा, हात भाजले असतील, तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात न्या.

उद्या गंज चढवण्याआधी दोन कामं करा. चुलीपासून तणसापर्यंत पावलं मोजा, आणि इस्तवाची राखण आज कोणाकडे ते नाव घेऊन ठरवा. शेजारणीलाही सांगा, कारण तिच्या आंगणातली ठिणगी तुमच्या सांदवाडीत यायला वेळ लागत नाही.

शिंगाडा चांगला विको, धान सुखरूप घरात येवो. नमस्कार.