रक्तातली धग आणि लकवा

खेड्यातून उपचारासाठी आलेला माणूस क्रांती चौकात उतरून दवाखान्याची वाट विचारतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या हातात रक्ततपासणीचा कागद असतो. त्यावर ‘सी. आर. पी.’ म्हणून एक आकडा असतो. कोरोनाच्या २०२०-२१ सालांत ही अक्षरे घरोघर पोचली. आता कोणी सांगते, हा आकडा वाढला की लकवा मारतो. यात खरे किती?

जखम झाली, जंतू शिरले, की तो भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. हा दाह. अशा वेळी यकृत एक प्रथिन रक्तात सोडते, तेच सी. आर. पी. न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते १९३० साली न्यूयॉर्कच्या टिलेट व फ्रान्सिस यांना सापडले.

पण सगळाच दाह दिसत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरात चरबी साचते व तेथे राखेखालच्या निखाऱ्यासारखी धग चालू राहते. ना ताप, ना दुखणे. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि मेंदूची वाट अडते. (वाहिनी फुटून होणारा लकवा निराळा.) अमेरिकेतील निरोगी पुरुष डॉक्टरांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत सर्वांत जास्त सी. आर. पी. असलेल्या चौथाई लोकांना, सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा, गुठळीच्या लकव्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला.

मग सी. आर. पी.च लकवा घडवते का? तसे दिसत नाही. ज्यांच्या रक्तात ते जन्मजातच जास्त असते, त्यांना तेवढ्यामुळे लकवा अधिक होत नाही. तो धूर आहे, आग दुसरीकडे. आणि धूर कशाचाही निघतो: सुजलेल्या हिरड्या, सांध्यांचा आमवात, साधा खोकलासुद्धा. सूक्ष्म तपासणीत लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर धोका अधिक धरतात. पण १० च्या वर गेले, तर आधी जंतुसंसर्ग शोधतात व काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. चीनमध्ये हा आकडा वाढलेल्या ८,३४३ लकवाग्रस्तांना घेऊन प्रयोग झाला. निम्म्यांना दाह शमवणारे औषध ९० दिवस दिले. २०२४ साली निकाल आला, की दुसरा झटका त्याने कमी झाला नाही.

तेव्हा माझे मत विचाराल, तर या तपासणीवर पैसे घालण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. लकव्याचे सर्वांत मोठे कारण तेच. साखर पाहावी. विडी सोडावी; तिने ही धगही वाढते. मिश्रीला तर आपण व्यसन म्हणतच नाही!

आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर जुने कागद शोधत बसू नका. तेल चोळू नका, तोंडात पाणीही घालू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, तेही मेंदूचा सी. टी. स्कॅन झाल्यावर. पैठणहून क्रांती चौक पन्नासएक किलोमीटर. म्हणजे उंबऱ्यातच दोन तास गेले, तर हाती उरते काय? लगेच १०८ ला फोन करा, आणि माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टर आधी तेच विचारतात.