ॲव्हरेज गळतं कुठे?

जुनी गाडी ॲव्हरेज देत नसली की हल्ली दोष थेट पेट्रोलमधल्या इथेनॉलला दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे २० टक्के मिश्रणाचा फटका ६-७ टक्क्यांचा. लिटरला १८ किलोमीटर जाणारी गाडी १२ वर आली, तर हिशेब तेवढ्यावर मिटत नाही. आधी टाकी फुल ते फुल असं मोजून बघा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा गाडीचीच बाजू घेतो. मग १५-२० किलोमीटर, ब्रेक शक्य तितका कमी वापरत गाडी चालवा आणि चारही रिमजवळ हात न्या, टेकवू मात्र नका. एकच रिम तापली असेल, तर तिथला ब्रेक चिकटतोय. हायवेवरही तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. मग इंजिन थंडच आहे असं समजून इंजिनचा संगणक (ईसीयू) पेट्रोल जास्त सोडत राहतो. ‘एअर फिल्टर बदला, काम होईल’ हा सल्ला कार्बोरेटरच्या जमान्यातला. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की पेट्रोलही कमी सुटतं. मळक्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं नाही. टायरमध्ये हवा कमी असली तर मात्र ॲव्हरेज घटतं; ती टायर गार असतानाच तपासा.