बाळंतिणीचा कर्करोग

ज्या घरांत पाळणा हलूं लागला, त्याच घरांतील बाळंतिणीस कर्करोगानें गांठावें, ही कल्पनाहि असह्य वाटते. गर्भाचें पोषण करणाऱ्या वारेच्या पेशींपासूनच क्वचित् असा कर्करोग उद्भवतो. तो फुप्फुसांत पसरला, कीं पूर्वीं बहुतेक स्त्रिया वर्षाच्या आंत दगावत.

१९५६ सालीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत डॉ. मिन चिउ ली यांनीं अशा रुग्णांस मेथोट्रेक्झेट दिलें. मूळचे भीमवरमचे डॉ. एल्लाप्रगड सुब्बराव यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंत सिद्ध झालेल्या औषधांपैकींच तें एक होय. फुप्फुसांतील डाग नाहींसे झाले. रोग गेला असें वाटलें. परंतु गर्भारपणीं आढळणारा एक अंतःस्राव लघवींत अद्याप सांपडत होता. तो पुरता नाहींसा होईपर्यंत औषध थांबवूं नये, असा डॉ. लींचा आग्रह. निरोगी दिसणाऱ्या स्त्रीस विषारी औषध देत राहणें वरिष्ठांस रुचेना; डॉ. लींना संस्था सोडावी लागली.

पुढें अनुभव आला तो असा: ज्यांचें औषध लवकर थांबलें, त्यांच्यांत रोग उलटला, ज्यांचे उपचार पुरे झाले, त्या माता वांचल्या. १९७२ सालीं डॉ. लींना लास्कर पारितोषिक मिळालें. आज हा रोग झालेल्या बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. कित्येकींना पुन्हां अपत्यहि होतें.

म्हणून बाळंतपणानंतर रक्तस्राव लांबला, तर “हें चालायचेंच” म्हणून वडीलधाऱ्यांनीं वेळ दवडूं नये. लघवीची वा रक्ताची एक साधी तपासणी तान्ह्या बाळाची आई वांचवूं शकते.