परतायला तीनच वर्षं?

(श्रीगोंदा येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातली एक गोष्ट मुलींच्या फार सोयीची म्हणून सांगितली जाते. कॉलेज मधेच सुटलं तरी शिकलेलं वाया जाणार नाही. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पुढे जमेल तेव्हा परत यायचं. कल्पना चांगलीच आहे. आजवर एफ.वाय.ला शिक्षण सुटलेल्या बाईच्या हातात एका गुणपत्रिकेशिवाय काय होतं?

पण ‘जमेल तेव्हा’ म्हणजे केव्हा? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात लिहिलंय, परत प्रवेश तीन वर्षांच्या आत घ्यायचा आणि सगळी पदवी सात वर्षांत पुरी करायची. आता आपल्या घरातला हिशोब मांडा. एकोणिसाव्या वर्षी पोरगी लग्न होऊन घोड नदीपलीकडे जाते. पहिलं वर्ष सासरच्यांची मर्जी सांभाळण्यात, दुसऱ्या वर्षी बाळंतपण, तिसऱ्या वर्षी अंगावरचं मूल. संपली मुदत! ही तीन वर्षं ठरवताना कुणाच्या डोळ्यांपुढे बाळंतीण होती, असं मला तरी वाटत नाही.

आणि बाहेर पडायचं हे ठरवणार कोण? मुलगा नोकरी लागली म्हणून बाहेर पडेल. मुलीला स्थळ आलं म्हणून बाहेर काढतील. वर म्हणतील, सर्टिफिकेट मिळालं ना, झालं की शिक्षण!

एसटीचंही तेच. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास बारावीपर्यंत. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, चौंडीच्या. पण पदवीचं पहिलं वर्ष सुरू झालं की त्यांचा पास बंद, पुढे सवलतीच्या पासाला पैसे मोजायचे. २०२४ ची फीमाफी आहे ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना. खेड्यातून बी.ए.ला येणाऱ्या पोरीला तिचा काय उपयोग? उच्च शिक्षणावरचा पैसा रयतेचा आणि लाभ वरच्यांना, हे जोतीरावांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडलं होतं.

म्हणून आपल्या मागण्या दोनच. बाळंतपणाची आणि मूल लहान असतानाची वर्षं या मुदतीत धरू नका. आणि मोफत पास पदवीपर्यंत द्या.

निवेदनाचे कागद मागच्या टेबलावर आहेत. ज्यांचं स्वतःचं कॉलेज सुटलं, त्यांनी सहीपुढे ते वर्षही लिहा.