देवळाचा जीर्णोद्धार आणि पारावरचे झाड

(जीर्णोद्धार समितीच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गणीने आणि श्रमदानाने देवळाचे काम तडीस गेले, याबद्दल इतर वक्ते बोलतीलच. मला समितीने झाडांविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. देवळाच्या कार्यात झाडांचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. पण आपल्या वऱ्हाडात देऊळ म्हटले की पार आला, आणि पार म्हटला की वड, पिंपळ, उंबर किंवा निंब आलाच. घराचेही तसेच आहे. अंगणातला निंब पुष्कळदा घरापेक्षा जुना असतो. भिंतीला तडा गेला तर आपण गवंडी बोलावितो. झाडाकडे मात्र ते पडेपर्यंत कोणी पाहत नाही.

पडल्यावर काय होते, हे आपल्या शेजारी घडले आहे. १९९८ पर्यंत आपण ज्या अकोला जिल्ह्यात होतो, त्याच जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी सायंकाळी एका देवस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला, लोक टिनाच्या शेडखाली आश्रयाला गेले आणि सुमारे शंभर वर्षांचा निंब त्या शेडवर कोसळला. सात जणांचे प्राण गेले. हे ऐकून कोणी म्हणेल की, जुनी झाडे तोडूनच टाकावीत. मी म्हणतो, तोडू नयेत. पण वाऱ्यावर सोडूही नयेत. जुने झाड म्हाताऱ्या माणसासारखे असते. त्याला जपावे लागते आणि त्याच्यावर नजरही ठेवावी लागते.

सांगली जिल्ह्यातील भोसे गावाचा वड आपण ऐकला असेल. चारशे वर्षांचा म्हणून तो ओळखला जाई. महामार्गाच्या कामात तो जाणार होता. २०२० साली लोकांनी आवाज उठविला आणि रस्त्याची आखणी बदलली. परंतु जून २०२२ मधील पावसात तोच वड उन्मळून पडला. कुऱ्हाडीपासून झाड वाचविणे हे अर्धेच काम आहे, एवढे यातून शिकावे.

आता निगा म्हणजे काय ते सांगतो. बुंध्याला चुना-गेरूचा पट्टा ओढला म्हणजे निगा झाली, असे नव्हे. झाडाचे मर्म जमिनीखाली आहे. पुष्कळांची समजूत अशी की, झाड जेवढे वर तेवढेच त्याचे मूळ सरळ खाली. प्रत्यक्षात अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. त्या मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. आपण जीर्णोद्धार करितो तेव्हा भक्तिभावाने नेमके उलटे करितो. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो, त्यावर गुळगुळीत फरशी बसवितो, पार उंच करून बुंधा दोन हात मातीत पुरतो. जुन्या पाराच्या दगडांच्या सांध्यांतून पाणी मुरत असे. सिमेंटमधून मुरत नाही. पुरलेली साल ओलीने कुजते. झाड लगेच मरत नाही, पाच-दहा वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते, आणि तोवर कारण सर्व विसरलेले असतात.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही किमान मर्यादा समजावी. मोठ्या झाडाला जास्त जागा द्यावी. पुढे फरशी हवीच असेल तर ती वाळूवर, सांधे मोकळे ठेवून बसवावी. पाया किंवा नाली खोदताना बुंध्याच्या व्यासाच्या बारापट अंतर सोडावे, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे बुंधा दोन फूट रुंद असेल तर चोवीस फूट. तेवढी जागा नसेल तर निदान जेसीबी न लावता हाताने खोदावे आणि मनगटाएवढी मुळे तोडू नयेत. एका बाजूची जाड मुळे तुटलेले झाड वादळात तग धरील, याची शाश्वती नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला पाऊस जूनमध्ये येतो आणि बहुतेक सप्टेंबरअखेर आटोपतो. दिवाळीनंतर थंड, कोरडी हवा सुटते. उन्हाळ्यात झाडाची आठवण होते, थंडीत कोणालाच होत नाही. पण जमिनीतली ओल थंडीतही उडत असते. काळी जमीन भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. पिंपळ आणि निंब माघ-फाल्गुनात पाने गाळून नवी पालवी धरतात, ती याच उरल्यासुरल्या ओलीवर. म्हणून कार्तिकापासूनच, पंधरा-वीस दिवसांनी एकदा, ओल हातभर खोल जाईल इतके पाणी द्यावे. ते बुंध्याशी न देता फांद्यांच्या घेराखाली उथळ चर काढून त्यात सोडावे. भगिनींनी वाहिलेला तांब्याभर पाण्याचा नेम चालू राहू द्यावा, ती श्रद्धा आहे. पण झाडाची तहान चरातल्या पाण्याने भागते. गळलेली पाने जाळू नयेत. त्यांचा तीन-चार बोटे जाड थर घेराखाली पसरावा, बुंध्याभोवती वीतभर जागा मात्र मोकळी ठेवावी. जमीन भेगाळणे कमी होते.

तिसरी गोष्ट छाटणीची. वाळलेल्या फांद्या चैत्र-वैशाखातील वादळांपूर्वी उतरवाव्यात. जड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून, म्हणजे साल ओरबाडली जात नाही. उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, तिच्या बाहेरून कापावा. ॲलेक्स शिगो या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने हजारो खोडे चिरून दाखविले की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंत घालते. ती भिंत घालण्याचे बळ त्या कडेत असते. जखमेवर डांबर फासू नये, ढोलीत सिमेंट भरू नये. आत पाणी साचून कुजणे वाढते. आणि शेंडा सपाट मारू नये. तेथून फुटणारे धुमारे दिसायला जोमदार, पण त्यांचा जोड कच्चा असतो.

धोक्याच्या खुणा प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. बुंध्याशी किंवा मुळांवर अळंबी उगवणे, एका बाजूची जमीन उचलली जाणे किंवा तिला भेग पडणे, झाड नव्याने कलणे, मोठ्या फांदीच्या जोडात चीर जाणे. यांपैकी काही दिसले तर जाणकाराला दाखवावे, आणि तोवर त्याखाली कोणी बसू नये. नुसती ढोली दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. झाडाचा जिवंत भाग बाहेरच्या थरात असतो. मात्र पोकळी किती मोठी आहे ते तपासून घ्यावे. भाविकांसाठी शेड, मांडव किंवा स्वयंपाकाची जागा मोठ्या झाडाखाली करू नये, आणि वादळविजांत झाडाखाली थांबू नये. हा नियम या वर्षापासूनच पाळावा.

शिखराबद्दलही एक शब्द. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दगडांच्या सांध्यांत पडते आणि त्याचे मूळ पुढे शिखर फोडते. पिंपळ उपटावा कसा, म्हणून आपण कचरतो. पण रोप बोटभर असतानाच मुळासकट काढून जमिनीत लावले, तर देऊळही राहते आणि पिंपळही.

शिवकालीन राजनीती ज्यात आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गलबतांसाठी लाकूड हवे असतानाही रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत असे बजावले आहे. कारण दिले आहे ते असे की, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. आज शहरांतील पन्नास वर्षांवरील झाडांना २०२१ च्या कायदा-दुरुस्तीने वारसा वृक्ष मानले आहे. तो कायदा शहरांपुरता आहे. गावातील झाडांची वही मात्र आपण स्वतः घालू शकतो.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. देवस्थानच्या हिशेबाच्या वहीत चार पाने झाडांसाठी राखावीत. प्रत्येक जुन्या झाडाचे नाव, जागा, बुंध्याचा घेर आणि पाहणीची तारीख लिहावी. दरवर्षी माघ महिन्यात दोन तरुण व एक जाणते गृहस्थ यांनी पाहणी करावी आणि खर्चात झाडांसाठी स्वतंत्र रक्कम धरावी. पाराभोवतीची जमीन मोकळी ठेवण्याचा ठराव आजच्या सभेत झाला, तर उत्तमच. रंग दहा वर्षांनी पुन्हा देता येतो, फरशी पुन्हा बसविता येते. शंभर वर्षांची सावली मात्र वर्गणीने विकत मिळत नाही.