गुणसूत्रांची वाटणी आणि फळमाशीची साक्ष

(वाशी येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत दिलेले भाषण)



वाशीच्या बाजारात पिकलेल्या केळीच्या घडाभोवती भिरभिरणारी बारीक चिलटे सर्वांच्या पाहण्यातील आहेत. आंब्यात व पेरूत अंडी घालून शेतकऱ्याचे नुकसान करणारी फळमाशी ती निराळी. हे चिलट जेमतेम 3 मिलिमीटर लांबीचे असून शास्त्रात त्यास ड्रोसोफिला म्हणतात. ह्या क्षुद्र जीवाने जे ज्ञान दिले, त्याचा संबंध शाळेच्या पटावरील काही मुलांशी आणि त्यांच्या मातांशी आहे. म्हणून हा विषय शिक्षकाने समजून घ्यावयास पाहिजे.

प्रत्येक पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणारी गुणसूत्रे असतात. माणसात ती 23 जोड्या म्हणजे 46, तर ह्या माशीत अवघ्या 4 जोड्या म्हणजे 8. संख्या थोडी असल्याने त्यांचा हिशेब ठेवणे सोपे जाते. अमेरिकेतील थॉमस मॉर्गन ह्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे कॅल्व्हिन ब्रिजेस ह्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पांढऱ्या डोळ्यांची मादी व लाल डोळ्यांचा नर ह्यांच्या संततीत मुली लाल डोळ्यांच्या व मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निपजावयास हवेत. परंतु क्वचित एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तिच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन आणि शिवाय एक वाय गुणसूत्र दिसले. आईच्या बीजात दोन्ही एक्स गुणसूत्रे विलग न होता एकत्रच गेली होती. वाटणी चुकली होती! 1916 साली ब्रिजेस ह्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केले आणि आनुवंशिक गुण गुणसूत्रांवरच असतात, हे निर्विवाद सिद्ध झाले.

आता ही वाटणी एरवी बिनचूक कशी होते, ते पाहू. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची जुळी प्रत तयार होते. कोहेसिन नावाची प्रथिने कड्याप्रमाणे ह्या दोन प्रतींना एकत्र बांधून ठेवतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून सूक्ष्म तंतू येतात आणि एक प्रत एका टोकाशी, दुसरी दुसऱ्या टोकाशी जोडली जाते. रस्सीखेचीप्रमाणे दोन्हीकडून ओढ बसली, म्हणजे जोडणी योग्य झाली. दोन्ही प्रती एकाच बाजूस बांधल्या गेल्या, तर ताण पडत नाही; तेव्हा ऑरोरा-बी हे प्रथिन ती चुकीची गाठ सोडविते व पुन्हा जोडणीस वाव देते.

सहलीची गाडी सुटण्यापूर्वी गुरुजी हजेरी घेतात. एकही मूल खाली राहिले असेल, तर गाडी हलत नाही. पेशीतही अशीच हजेरी असते. एखादे गुणसूत्र तंतूस जोडावयाचे राहिले असेल, तर त्याच्यापाशी काही प्रथिने ‘थांबा’ असा इशारा तयार करतात. सर्वांची जोडणी झाली, की इशारा बंद पडतो. सेपरेज हे प्रथिन कोहेसिनची कडी तोडते आणि जुळ्या प्रती दोन टोकांकडे जातात.

ह्या राखणदारांपैकी कित्येकांचा शोध माशीतच लागला. विभाजन बिघडलेल्या माश्यांवरून ‘पोलो’ ह्या जनुकाचे वर्णन 1988 साली झाले. त्याचे भाऊबंद माणसातही आहेत. बीजपेशी तयार होताना विभाजन दोनदा होते, व जुळ्या प्रती दुसऱ्या खेपेपर्यंत एकत्र राहाव्या लागतात. तोवर कोहेसिनचे रक्षण करणारे माशीतील प्रथिन 1995 साली गुणसूत्रावर प्रत्यक्ष दाखविण्यात आले. त्याच कुळातील प्रथिनांना 2004 साली जपानी शास्त्रज्ञांनी ‘शुगोशिन’, म्हणजे रक्षक देवता, असे नाव दिले. माशीच्या गर्भात केंद्रकाची आरंभीची विभाजने अवघ्या 8 ते 10 मिनिटांना एक ह्या वेगाने होतात. असा गर्भ अभ्यासण्याचे काम पुण्याच्या आयसर संस्थेतही चालते.

एवढा बंदोबस्त असूनही क्वचित चूक होते. 1959 साली पॅरिस येथील संशोधकांनी दाखविले, की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीज तयार होताना घडते. स्त्रीबीजाचे विभाजन ती स्त्री स्वतः आईच्या उदरात असतानाच सुरू होते व मध्येच थांबून कित्येक वर्षांनी पूर्ण होते. इतका दीर्घ काळ कोहेसिनचे बंध टिकावे लागतात. वयाबरोबर ते सैल पडतात. म्हणून वय वाढते तशी शक्यता वाढते; तथापि तरुण मातांच्या पोटीही अशी मुले जन्मतात, आणि कधी चूक पित्याच्या बीजातही असते.

ग्रहणात काही चिरले, अमुक खाल्ले, पूर्वजन्मीचे पाप भोवले, असे बोल आजही अनेक मातांना ऐकावे लागतात. त्यांस काडीचा आधार नाही. जी वाटणी डोळ्यांस दिसत नाही व इच्छेने बदलत नाही, तिचा दोष मातेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. हे घरोघरी सांगावयाचे तर शिक्षकाइतका विश्वासाचा माणूस गावात दुसरा नाही.

वर्गात हा पाठ देण्यास खर्च नाही. सुतळीच्या चार जोड्या घ्याव्या, प्रत्येक जोडी निराळ्या रंगाची असावी. प्रत्येक सुतळीस तिची प्रत दोऱ्याने बांधावी, दोन मुलांना दोन टोकांस उभे करावे, आणि एका विद्यार्थ्याने हजेरी घेतल्यावरच दोरे कापावे. एकदा मुद्दाम हजेरी न घेता कापावे. चूक कशी होते, ते मुले आपोआप सांगतील.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ह्या मुलांचे शाळेतील स्थान निश्चित केले आहे. परंतु कायदा दार उघडतो. आत बोलावणारा आवाज गुरुजींचा असावा लागतो. पेशी एकही गुणसूत्र मागे राहू नये म्हणून थांबते. शाळेनेही एका मुलासाठी थांबावयास शिकले पाहिजे.